म्हाळोजीची हाक

कड्याखालच्या एका गावात नदीने खोल डोह केला होता. डोहातले मासे देवाचे. त्यांना कोणी गळ लावत नसे. त्या देवाचा गुरव म्हाळोजी. घाटावर उभा राहून तो "या रे" म्हणाला, की हातभर लांबीचे मासे पायरीशी येत आणि हातातली कणीक खात. माशांनी कणीक घेतली की नवस देवाला पोचला, असे लोक मानत. म्हाळोजीला आपल्या हाकेचा फार ताठा होता.

एका साली वैशाख भयंकर तापला. डोह आटून निम्मा झाला. मासे तळाला, कपारीतल्या झऱ्यापाशी जाऊन निपचित पडले. त्याच दिवसांत भर दुपारी देशमुख सारा गोतावळा घेऊन नवस बोलायला आला.

म्हाळोजीने हाक दिली. पाणी हलले नाही. पुन्हा दिली. पाणी तसेच.

"काय हो गुरव, आज माशांची एकादशी वाटतं?" देशमुख म्हणाला. सगळा घाट हसला.

म्हाळोजीचे कान लाल झाले. त्याची बायको ठकूबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, पाणी चटके देतंय. गारव्याला पडलेत बिचारे. राहू द्या आज."

"तू मला शिकवू नकोस."

त्याने लांब बांबू घेतला आणि कपारीत ढोसला. घाबरलेले मासे उसळून उथळ पाण्यात आले. पायरीशी तोंडे वर काढून उभे राहिले. तोंडे उघडत होती, मिटत होती.

"अगं बाई, कसे मागतायत बघा!" बायका ओरडल्या. कणकेचे गोळे धपाधप पाण्यात पडू लागले. देशमुखाने म्हाळोजीच्या पाठीवर थाप मारली. "वा गुरव! मानलं तुम्हाला."

म्हाळोजी हसला. मग त्याची नजर पाण्यावर गेली. कणीक तशीच तरंगत होती. एकही मासा तिला शिवत नव्हता. कल्ले लोहाराच्या भात्यासारखे हलत होते. ते मागणे नव्हतेच. मासे श्वासासाठी तडफडत होते. पाणी तापले की त्यातला श्वास कमी होतो, आणि तापलेल्या अंगाला तोच जास्त लागतो. जन्म डोहाकाठी काढलेल्या म्हाळोजीला हे कळत होते. त्यात ही कणीक आंबली की उरलेसुरले पाणीही नासणार.

पण बोलावे, तर चारचौघांत नाक कापले जाणार. एवढी कणकेची टोपली होऊ दे, मग सांगू, असे त्याने ठरवले. टोपली रिकामी झाली. दुसरी आली. तो गप्पच राहिला. तेवढ्यात डोहातला सगळ्यांत थोरला मासा एका कुशीवर कलला, सावरला, पुन्हा कलला, आणि त्याचे पांढरे पोट वर आले.

"थांबा!" म्हाळोजी ओरडला. "खात नाहीत ते. मरतायत! माझ्या हाकेला आले नाहीत, मी ढोसून काढलेत त्यांना. मागे व्हा सगळे!"

देशमुखाने हातातला गोळा खाली ठेवला. "मग इतका वेळ तोंड शिवलं होतं का तुमचं?"

ठकूबाई केव्हाच पायरीवर बसून पदराने कणीक गोळा करत होती. म्हाळोजीही उपरणे सोडून तिच्या शेजारी बसला. लोक लांब सरले. पाणी निवांत झाले, तसे मासे एकेक करून खोल गेले. सगळे गेले नाहीत. दिवस मावळेपर्यंत पायरीला पांढरी पोटे लागत राहिली. म्हाळोजीने ती स्वतःच्या हाताने उचलली आणि पुरली.

पुढे दर उन्हाळ्यात तो घाटाची वाट अडवून उभा राही. "का हो, मासे आता तुमच्या हाकेला येत नाहीत?" असे कोणी विचारले, तर म्हणे, "मीच बोलवत नाही. एकदा माझ्या मानापायी बोलावले आणि मारले."

तात्पर्य: आपला मान राखायला मुक्या जिवाला वेठीस धरू नये. आणि चूक दिसली की त्याच क्षणी बोलावे. आपण गप्प बसतो, त्याची किंमत दुसऱ्याच्या जिवाला मोजावी लागते.