अक्रोडांची वाट

इटली देशात गावोगावचे सरदार एकमेकांशी लढत होते, त्या काळची ही गोष्ट. एका टेकडीवर रुज्जेरो नावाच्या सरदाराचा किल्ला होता. जाड भिंती, अरुंद झरोके आणि भोवती पाण्याचा खंदक. नदीपलीकडच्या सरदाराशी त्याच्या घराण्याचे जुने वैर होते.

पुढे तह झाला, लढाया थांबल्या. आता किल्ल्यात कशाला, घरात राहू या, असे रुज्जेरोची बायको ओर्सोला म्हणू लागली. मग भिंती फोडून मोठ्या खिडक्या काढल्या. खंदक बुजवून तिथे बाग केली, कारंजी बसवली. दरवाजापर्यंतच्या वाटेवर ओर्सोलाने दोन्ही बाजूंना अक्रोड लावले. मुले मोठी झाली, तशी झाडेही वाढली आणि वाटेवर गार सावली पडू लागली. लोक लांबून बाग बघायला येत.

रुज्जेरोला मात्र चैन नव्हते. जेवता जेवता उठून तो खिडकीशी जाई. कारंज्यांचा आवाज त्याला नकोसा होई. त्यात घोड्यांच्या टापा ऐकू येणार नाहीत, असे त्याला वाटे.

एका सकाळी एका मेंढपाळाने बातमी आणली. नदीपलीकडचा सरदार घोडेस्वार घेऊन निघालेला त्याने लांबून पाहिला होता. उद्या तो इथे पोचणार. रुज्जेरो गच्चीवर गेला. अक्रोडांच्या दाटीत वाट दिसतच नव्हती. त्याने झाडे तोडायचा हुकूम दिला.

ओर्सोला म्हणाली, "आधी माणूस पाठवून विचारा तरी, कशाला येताय म्हणून."

"विचारत बसलो तर वेळ हातचा जाईल," तो म्हणाला.

दिवसभर कुऱ्हाडी चालल्या. ओर्सोलाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, तरी आवाज येतच राहिला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात स्वार आले. त्यांच्यामागे एक गाडी होती. तिच्यातून त्या सरदाराची म्हातारी आई उतरली. डोळे मिटण्याआधी ही बाग एकदा पाहावी, एवढीच तिची इच्छा होती. स्वार तिच्या सोबतीला आले होते.

प्रवासाने थकलेली म्हातारी एका ओल्या बुंध्यावर बसली. "ही झाडं कशानं पडली?" तिने विचारले.

रुज्जेरोची मान खाली गेली. "आम्हीच तोडली," तो म्हणाला. "तुम्ही येताय म्हणून."

म्हातारीने डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढून घेतला. थोडा वेळ ती तशीच उन्हात बसली. मग मुलाला म्हणाली, "चल, घरी जाऊ."

रुज्जेरोने लगेच नवे अक्रोड लावले. पण त्यांची सावली पडू लागली, तेव्हा ती म्हातारी उरली नव्हती आणि रुज्जेरोही.

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: जे समोरच्याला विचारून कळते, ते आपल्या भीतीला विचारू नये.