येसाईचा माळ

घोणसवाडीच्या डोक्यावर रानजाईची राई आहे. हिरडा, जांभूळ, ऐन, बेहडा यांची एवढी दाटी, की भर दुपारी आत शिरणाऱ्याला क्षणभर काही दिसत नाही. पण राईच्या ऐन मध्यावर एक उजाड माळ आहे, आणि देवीचा तांदळा, म्हणजे मूर्ती न घडवलेली शेंदरी शिळा, तिथे उन्हातान्हात उघडा बसलेला आहे. पाखरं, किडे ओळखायला शहरातून माणसं येतात, ती हमखास विचारतात, "एवढी झाडी, आणि देवीवरच सावली नाही?" मग नामाजी गवारी, ज्यांच्या घराण्याकडे आता राईची राखण आहे, डोक्यावरची टोपी सारखी करून सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा राखण कोंडाजीकडे होती आणि येसाई त्याची बायको. तिचं माहेर घाटाखाली, खाडीकाठी. तिथेही अशीच राई होती म्हणे. येसाईच्या लहानपणीच ती उभीच्या उभी वाळली, झरे आटले आणि माणसं पोटामागे पांगली. म्हणून इथे नांदायला आल्यावर येसाई राईत शिरली की आधी वर शेंड्यांकडे बघायची.

एका साली खालच्या कुणा व्यापाऱ्याने नवस फेडायला देवीला पालखी वाहिली. लाकूड गलबतातून परमुलखाहून आलेलं. वाजतगाजत पालखी वर आणली आणि देवीपाशी ठेवली. येसाईने दांड्यावरून हात फिरवला, तर बोटांना पांढरा भुसा लागला. माहेरची राई वाळायच्या आधी असाच भुसा तिने पाहिला होता. पण नव्या सुनेचं ऐकणार कोण? तिने हात पदराला पुसला.

काही पावसाळे गेले. देवीवरचा थोरला हिरडा शेंड्याकडून वाळायला लागला. मग शेजारची जांभळं. गाव म्हणालं, देवी कोपली. बोकड दिले, गाऱ्हाणी घातली. वाळायचं थांबलं नाही.

येसाई बुंध्यांशी बसून निरखू लागली. इथले भुंगे तिच्या ओळखीचे होते. ते पडलेल्या, मेलेल्या लाकडात घर करतात. इथे मात्र जित्या झाडाला बोट जाईल एवढी भोकं पडली होती आणि मुळाशी भुशाचे ढीग साचले होते. एका भोकातून तिच्या डोळ्यांदेखत भुंगा बाहेर आला. काळा कुळकुळीत, पाठीवर पांढरे ठिपके, मिशा अंगाहून लांब. माहेरच्या मेलेल्या राईत तिने हाच पाहिला होता. तिने हिरड्याला कान लावला. आत कुरकुर चालली होती, सावकाश, न थांबता.

ती कोंडाजीला म्हणाली, "धनी, ह्यो भुंगा आपल्या रानातला न्हाई. पालखीतनं आलाय. लागलेली झाडं तोडून जाळाया हवीत, पावसाच्या आत. पाऊस पडला की समदे भायेर निघतील."

कोंडाजीने कानांवर हात ठेवले. "येसे, हितली वाळली काडीबी कुनी उचलत न्हाई. कुऱ्हाड लावील त्याचा वंस बुडंल, ही देवीची आन हाय."

"आन ठाव हाय मला," ती म्हणाली. "पन न्हाई लावली तर रान बुडंल."

गावातून कुणीच पुढे येईना. तेव्हा येसाईने देवीपुढे पदर पसरला, पाप माझ्या एकटीच्या माथी घाल म्हणाली, आणि कुऱ्हाड उचलली. पहिलं झाड पडलं त्याच दिवशी तिचा एकुलता एक पोरगा भिवा तापाने फणफणला.

कोंडाजी पोराला उचलून राईत घेऊन आला. "आता तरी थांब," म्हणाला. येसाईने पोराच्या कपाळावर हात ठेवला. ढग भरून आले होते. थोरला हिरडा अजून उभा होता. तिने पुन्हा त्याला कान लावला, असं सांगतात, आणि मग घाव घातला.

झाडं जळाली, त्यांच्यावर पालखी जळाली. धूर घाटाखालूनही दिसला. भिवा त्या धुरातच गेला.

उरलेली राई वाचली, देवीभोवती मात्र हा माळ राहिला. पण गावाने येसाईला ना शिव्या दिल्या, ना तिच्याशी कुणी बोललं. कोंडाजीही नाही. ती शिवेवर खोपट घालून राहिली. खालून येणारं प्रत्येक लाकूड ती अडवायची, त्याला कान लावायची आणि मगच वाट सोडायची. तिथेच ती गेली.

आजही घोणसवाडीत बाहेरचं लाकूड येत नाही. लग्नातला पाटसुद्धा राईबाहेरच्या, गावच्याच शिवारातल्या झाडाचा लागतो. चैत्रात गावच्या बाया राईत जातात, झाडाझाडाला कान लावतात आणि न बोलता परततात.

एवढं सांगून नामाजी थांबतात. पाहुण्यांतलं कुणीतरी विचारतंच, "मग पुन्हा कधी काही ऐकू आलं का?"

"औंदा माझ्या सुनेनं एका जांभळीला कान लावला," ते म्हणतात. "बाकीच्या बाया पुढं गेल्या. ही हललीच न्हाई. घरी आली तवा मी पुसलं, काय गं? तर म्हनली, मामंजी, कुऱ्हाडीला धार करून ठिवा."