पाळण्यातलं नाव

फार वर्षांपूर्वी, माझ्या पणजोबाच्या पणजोबाला अजून दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. खरी का खोटी ते मला विचारू नका. मी चौथीपर्यंतच शिकलोय, तीही दोनदा.

करंजखोल तेव्हाही इथंच होतं, डोंगराच्या कुशीत, आणि वरच्या खिंडीत चकवा होता. चकवा दिसत नाही, चावत नाही. माणसाला वाट विसरायला लावतो आणि धुक्यात फिरवत राहतो, पार पाय गुडघ्यापर्यंत झिजेस्तोवर. असं म्हणतात.

त्यातून सुटायची युक्ती एकच. एका चुलीवरचं खाणाऱ्या माणसानं त्याला पाळण्यातल्या नावानं हाक मारायची. पाळण्यातलं नाव म्हणजे बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं. सोपं आहे ना? पण आमचं गाव पडलं शहाणं! बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, अशी इथं समजूत होती, आणि ती पुरुषांनी फार मायेनं जपली होती. मग घरात दुसरं कुणी नसताना नवरा चुकला की बायका खिंडीच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडायच्या, "अहो! अहो, ऐकलंत का?"

आता "अहो" हे काय कुणाचं नाव आहे? ते ज्याला हवं त्यानं घ्यावं. आणि घेणारा घ्यायचा. धुक्यातून "ओ" यायची, मागोमाग कुणीतरी यायचं. तोंड नवऱ्याचं, मुंडासं नवऱ्याचं, पावलं मात्र उलटी. उंबऱ्याशी बसून मुकाट भाकरी खायचं. सकाळी बघावं तर तिथं ओल्या पाल्याचा ढीग, आणि भाकरी वाढणारी तापानं फणफणलेली. असे सात नवरे गेले, असं म्हणतात.

त्या गावात गेनबा होता. आईबाप गेलेले. घरात तो, बायको आणि एक म्हैस. म्हशीचं नाव चंद्री. बायकोचं नाव "अगं ए". श्रावणात एकदा चंद्री चुकली. गेनबा "चंद्रेऽ, चंद्रेऽ" करत धुक्यात शिरला. तिन्हीसांजेला चंद्री डुलत डुलत घरी आली. गेनबा आला नाही.

बायको खिंडीपाशी धावली. मागून धुरपदा आत्या काठी टेकत आली. गावातली सगळ्यात जुनी बाई, सगळ्यांचीच आत्या.

"नुसतं अहो म्हण, सूनबाई. नाव घेऊ नगंस."

"आत्याबाई, म्हस का आली घरी?"

"भूक लागली आसंल."

"नावानं हाक मारली म्हणून आली. म्हशीला नाव हाय, आन् माझ्या धन्याला न्हाई व्हय?"

"अगं, आयुष्य घटंल त्याचं!"

"आन् हितं गप उभं राहून वाढतंय व्हय?"

बोलली खरी, पण तिचे दात कडाकडा वाजत होते. आत्याचं खरं निघालं तर? मग आपल्याच तोंडानं आपण नवरा मारला. धुक्यात कुणीतरी हळूच हसलं, अगदी कानाजवळ. ती डोळे मिटून आत शिरली आणि ओरडली, "गेनबाऽऽ!"

खिंड दणाणली. गेनबा हाकेच्या रोखानं धावत सुटला, तो थेट बाहेर येऊन आत्याच्या पायांशी आदळला. पावलं सुलटी. जिवंत. पण धुक्यात तो बायकोला ओलांडून आला, आणि आत राहिली ती. चकव्याला रिकाम्या हातानं राहायची सवय नव्हती.

"हाक मार की रं!" आत्या किंचाळली.

"अगं ए!"

आतून "ओ" आली. एक नाही, वीस.

मग त्याला लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव आठवलं. "लक्षुमीऽ!" त्यासरशी गावातून तेरा लक्षुम्या हातात पळ्या घेऊन बाहेर आल्या, "काय वं?" आमच्या भटजींना तेवढं एकच नाव धड लिहिता यायचं ना! धुकं मात्र हललं नाही. तांदळावरचं नाव ते. तांदूळ शिजला, नाव संपलं.

तिचं पाळण्यातलं नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं तिच्या हातचं खाऊन गेनबानं कधी विचारलंच नव्हतं. तो अनवाणी तिच्या माहेरी पळाला, तीन डोंगरांपलीकडं. सासूनं तोंडावर दार लावलं. "नऊ वर्सांनी नाव इचारायला आलास?" मग फटीतून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो परत खिंडीत उभा राहिला. आता आतून "ओ"सुद्धा येत नव्हती. उशीर झाला असेल तर? तरी तो ओरडला.

"भिवराऽऽ!"

धुकं जुन्या लुगड्यासारखं टरकन फाटलं, असं म्हणतात. ती बाहेर आली. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. बाहेर तीन दिवस झाले होते, आत तीस वर्षं.

"लई येळ लावलास, गेनबा," ती म्हणाली.

त्यानं तिला पाठीवर घेऊन घरी नेलं. पुढं पाणी तोच भरायचा, भाकऱ्या तोच थापायचा. पहिली भाकरी चंद्रीनंसुद्धा हुंगून सोडली. गावचे पुरुष पोट धरून हसले. पुढच्या धुक्यात सगळ्यात मोठ्यानं हसणारा चुकला, तेव्हा त्याची बायको भिवरेपाशीच धावली. भिवरेनं तिचा हात धरला आणि नाव घ्यायला लावलं. तेव्हापासून गावात येणारी प्रत्येक नवरी आपलं पाळण्यातलं नाव भिवरेच्या कानात सांगायची, आणि नवऱ्याला ते त्याच दिवशी पाठ करावं लागायचं.

मग गेनबा म्हातारा होऊन गेल्यावर, एकदा श्रावणात भिवरा त्या सात नवऱ्यांची नावं एकेक घेत धुक्यात गेली. परत आली नाही. खिंडीच्या तोंडाशी ती जिथं बसायची तिथं एक धोंडा आहे, हात लावला की उन्हाळ्यातही ओला लागतो.

आजही आमच्याकडची वरात भिवरेच्या धोंड्याशी थांबते. नवरा नवरीला पाळण्यातल्या नावानं हाक मारतो, नवरी नवऱ्याला. त्याशिवाय पंगत बसत नाही. माझ्या लग्नात मी घाबरून म्हशीचं नाव पुकारलं होतं. पंगत दोन तास खोळंबली, आणि घरात तो विषय अजून निघतो.

तुम्ही कधी खिंडीतून जाल आणि मागून कुणी "अहो" म्हणेल, तर वळू नका. इथल्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात. करंजखोलात "अहो" म्हणणारं आता एकच उरलंय.