बारा म्हशींचे ताक

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर संशय घेऊन बसला. संशय लहान नव्हता, कारण त्याच्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न होता.

शिष्याचे वडील वारले होते. घरात आई, धाकटी बहीण भागीरथी आणि एक म्हैस. अशा घरी शेजारच्या पेठेतील एका बड्या व्यापाऱ्याने आपल्या धाकट्या मुलासाठी आपण होऊन मागणी घातली. हुंडा नको, मानपान नको. घर पाहून जा आणि सुपारी फोडा, एवढाच निरोप. आईने देवापुढे साखर ठेवली. शिष्य गुरूकडे गेला.

म्हाताऱ्या गुरूने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तळं आपण होऊन घागरीकडं आलं?"

"म्हणजे काय, बाबा?"

"काही नाही. मीही येतो."

शिष्याला ते फारसे रुचले नाही. म्हातारा जिथे जाई तिथे खोट काढी, असे लोक म्हणत. पण नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दोघे पेठेत पोचले. व्यापाऱ्याच्या गोठ्यात बारा म्हशी होत्या. माजघरात लोण्याने भरलेले डेरे होते. संध्याकाळी पंगत बसली. बासुंदी, जिलबी, पुरणपोळी, आणि पोळीवर तुपाची अशी धार की ती पानाबाहेर गेली तरी थांबेना. वाढणाऱ्या हाताकडे शिष्याने पाहिले. थोरल्या सुनेचा हात होता. मनगटात सोन्याच्या जाड पाटल्या होत्या. भागीरथीच्या हातात अशाच पाटल्या दिसतील, हे त्याच्या मनात आले आणि त्याला घास गोड लागला.

"घ्या हो पाव्हणं, लाजता काय!" व्यापारी ओरडत होता. "आमच्याकडं मोजून वाढायची रीत नाही. पानात राहिलं तर राहू द्या."

पानात पुष्कळ राहिले. जेवणानंतर व्यापाऱ्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर भरजरी शाल घातली. म्हातारा "असू द्या" म्हणाला नाही, "कशाला" म्हणाला नाही. शाल खांद्यावर तशीच राहू दिली.

शिष्याला तिथे पहिला खडा लागला. आयुष्यभर जाड्याभरड्या पंच्यावर राहिलेला माणूस एका शालीला भुलला की काय?

ओसरीवर अंथरुणे पडली तेव्हा म्हाताऱ्याने विचारले, "काय पाहिलंस या घरात? एका शब्दात सांग."

"रेलचेल," शिष्य म्हणाला. "दुसरा शब्द नाही, बाबा."

"चांगला शब्द आहे. जपून ठेव. उद्या सकाळी परत विचारीन."

सकाळी आतून रवीचा आवाज येऊ लागला. शिष्य जागा झाला, पण डोळे किलकिले करून पडून राहिला. त्याने पाहिले की म्हातारा उठला, कोपऱ्यात ठेवलेला आपला पितळी तांब्या उचलला, इकडेतिकडे बघून तो शालीखाली घातला आणि घराला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरला.

ताकाला जाऊन भांडे लपवणारी माणसे शिष्याने पाहिली होती. आपला गुरू त्यांतला निघेल असे त्याला वाटले नव्हते. इतरांना संयम शिकवायचा आणि स्वतः सोयऱ्याच्या परसदारी तांब्या घेऊन उभे राहायचे! उद्या हे गावात कळले तर भागीरथीला सासरी काय ऐकावे लागेल? तो उठला आणि लपतछपत मागे गेला.

म्हातारा परसदाराजवळच्या चिंचेखाली बसला होता. समोरच्या झोपडीच्या दारात एक बाई नाचणी पाखडत होती. तिने विचारले, "कुणाची वाट बघताय, बाबा?"

"ताकाची, माई."

बाई हसली. "मग दुसरं दार बघा. बारा म्हशी हायती खऱ्या, पण या गल्लीत कुणाच्या भाकरीवर त्या दारचं ताक पडलं नाही. माझं पोर तापानं फणफणलं होतं तेव्हा मी गेले होते. त्या घरची म्हातारी म्हणाली, आज दिलं तर उद्या परत येशील."

"मग एवढं ताक जातं कुठं?"

"बसा की. दिसंलच."

परसदार उघडले. थोरली सून डोक्यावर ताकाची घागर घेऊन बाहेर आली. आतून सासूचा आवाज आला, "लांब ओत गं! आणि कुणी भांडं घेऊन उभं असलं तर सरळ परत ये."

सुनेने उकिरड्याच्या कडेला घागर टेकवून कलती केली. पांढरी धार शेणात मुरू लागली. मग तिने दाराकडे एकदा पाहिले, धारेखाली ओंजळ धरली आणि घाईघाईने प्यायली. पुन्हा धरली, पुन्हा प्यायली. ओंजळ तोंडाशी नेताना तिच्या पाटल्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. शिष्याने काल पाटल्या पाहिल्या होत्या. मनगट आज पाहिले.

म्हाताऱ्याने उठून तांब्या पुढे केला. ती दचकली. "आत सांगू नका हो," एवढेच म्हणाली, तांब्या भरला आणि रिकामी घागर घेऊन आत पळाली.

म्हातारा वळला. शिष्य भिंतीआड उभा आहे हे त्याला आधीच माहीत असावे.

"ये पुढं. माझ्यावर पाळत ठेवलीस ते बरं केलंस. पण काल पंगतीत ठेवली असतीस तर जास्त बरं झालं असतं."

शिष्याने मान खाली घातली. "बाबा, भांडं का लपवलंत?"

"उघडं नेलं असतं तर लोण्याचा गोळा घालून भरून दिलं असतं. मी मुलीकडचा पाहुणा. पाहुण्याच्या भांड्यावरून घर कळत नाही. लोणी घराचं असतं, ते कुणी राखलं तर मी बोलणार नाही. ताक मात्र शेजाऱ्याचं, अशी आपल्याकडची रीत. ज्याच्या घरचं उतू जाऊन शेजारी पोचतं, त्याच्याकडं रेलचेल. इथलं उतू जाऊन उकिरड्यात गेलं आणि घरची सून त्याच उकिरड्यावर तहान भागवते. याला तो शब्द वापरू नकोस. शब्द बाटतो."

शिष्याने उकिरड्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "तळं घागरीकडं का आलं ते कळलं. गरिबाघरची मुलगी माहेरी तक्रार नेत नाही."

"हं. आता जे बोलायचं ते बोल. पण त्या सुनेचा शब्द काढू नकोस. आपण जाणार आहोत, ती इथंच राहणार आहे."

ऊन ओसरीवर आले तेव्हा व्यापारी तबकात सुपारी घेऊन बसला. पेठेतील चार प्रतिष्ठित मंडळी जमली होती. दाराआड बायका उभ्या होत्या.

"मग, पाव्हणं? घर पसंत?"

"शेटजी," शिष्य म्हणाला, "आधी पेलाभर ताक मिळेल का?"

"ताक?" व्यापारी मोठ्याने हसला. "अहो, दूध मागा, केशर घालून देतो!"

"ताकच पाहिजे."

व्यापाऱ्याने आत पाहिले. दाराआडून सासूचा आवाज आला, "आजचं ताक... नासलं."

"बारा म्हशींचं?"

समोर बसलेल्या एका वृद्धाने पागोटे सावरले आणि तो जमिनीकडे पाहू लागला. शिष्य उठला. सुपारी तबकातच राहिली.

"एका पेल्यावरून सोयरीक मोडता?" व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला होता. "असं घर पुन्हा मिळणार नाही तुमच्या बहिणीला!"

"तीच आशा आहे," शिष्य म्हणाला.

म्हाताऱ्याने खांद्यावरची शाल उतरवली, घडी घातली, ओसरीच्या कडेवर ठेवली आणि तो शिष्यामागून निघाला.

वाटेत दोघांनी तांब्यातले ताक प्यायले. आंबट होते, चांगले होते. म्हाताऱ्याने त्या शब्दाची आठवण काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याला आपल्या घरात रवीचा आवाज ऐकू आला. तो दारात आला. एका म्हशीचे ताक. अंगणात पाच बायका आपापली भांडी समोर मांडून बसल्या होत्या. कुणीही भांडे लपवले नव्हते.

"भागू, आज पाणी जरा जास्तच घातलंस गं!" एक जण म्हणाली.

"तुम्ही आज पाच जणी आलात, काकू. उद्या सहाव्या आल्या तर विहीरच घुसळते!"

बायका हसल्या. भागीरथीने भावाकडे पाहिले आणि हळूच विचारले, "दादा, कसं होतं त्यांचं घर? फार रेलचेल होती म्हणे?"

"तिथं नव्हती," तो म्हणाला, आणि काकूंचे भरलेले भांडे उचलून देण्यासाठी अंगणात उतरला.

घर किती भरलेले आहे हे पुढच्या दारी कळत नाही. एकदा मागच्या दारी उभे राहावे.