चौदावं घर

"आणि मग रेमेतबायला तू काय दिलंस?" फादर इजिदोर यांनी विचारलं.

कोस्तान सर पलंगाजवळ उभे होते.

सरांना गावात कुणी नुसतं कोस्तान म्हणत नाही. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. चर्चच्या कमिटीतले लोकही त्यांना जरा दबकूनच असतात. अरे-तुरे करायचे ते एकटे फादर इजिदोर. फादर आता पंच्याऐंशीचे. चर्चमागच्या खोलीत पलंगावर पडून असतात, हात सारखे थरथरतात, कान मात्र अजून तिखट आहेत.

सर आले होते ते काम सोडतो म्हणून सांगायला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही सेवा अंगावर घेतली होती. आजारपणामुळे ज्यांना चर्चमधल्या उपासनेला, मिस्सेला येता येत नाही, त्यांच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकरीची पातळ चकती, घेऊन जायचं. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण झालं, बिशपांचं पत्र आलं, गळ्यात अडकवायला छोटी सोनेरी डबी मिळाली. एकूण चौदा घरं होती. सरांनी यादी टाइप केली, घराघरांतलं अंतर काढलं आणि सगळं काम दीड तासात बसवलं.

"एका घरी किती वेळ?" फादरांनी मध्येच विचारलं.

"चार मिनिटं, फादर."

एवढ्या दुःखातही हे सांगताना सरांची मान जराशी ताठ झाली. काय करणार, सवय.

या शुक्रवारी घोळ झाला तो तेराव्या घरी. तिथल्या आजारी म्हाताऱ्याची बहीण पाहुणी आली होती, तीही आजारीच. तिने हात जोडले, सरांनी तिलाही दिलं. झाकण लावताना बघतात तर डबीत काही उरलं नव्हतं. एका चकतीचे दोन भाग करून बहीणभावाला दिले असते तरी भागलं असतं, तशी मुभा आहे. गणिताच्या मास्तरांना नेमकं तेच सुचलं नाही.

चर्चमध्ये परत जावं, तर मुख्य धर्मगुरू चावी घेऊन बैठकीला गेलेले. तिथून परस्पर घरी जाता आलं असतं. पण चौदाव्या घरी रेमेतबाय मच्याडो मेणबत्ती लावून वाट बघत असणार. अर्धांगवायूने तीन वर्षं एका कुशीवर पडलेली बाई. ख्रिस्तशरीर घेण्याआधी आजाऱ्याला उपासाची सक्ती नाही, असं सरांनी तिला कितीदा सांगितलं होतं. पण ती जुन्या वळणाची, त्या दिवशी सकाळपासून चहालाही तोंड लावायची नाही. म्हणून सर गेले.

"काहीच दिलं नाही, फादर. चूक कबूल केली. रविवारी आणतो म्हटलं."

"चिडली?"

"नाही. म्हणाली... मग आज तुम्हाला घाई नसेल."



सर तिथे बसले, कारण लाजेने पाय उचलत नव्हता. सुनेने चहा आणला. रेमेतबायच्या हाताला कप धरवेना, तो सरांनी धरला. मग ती बोलायला लागली. तिचा धाकटा मुलगा भांडून घरातून गेला, तो गेलाच. त्याला ती त्या दिवशी काय बोलली होती, ते सगळं तिने सांगितलं. दिवेलागण झाली तरी बोलतच होती. एरवी सरांकडे प्रत्येक दुःखाला बायबलमधलं एक वचन तयार असतं. त्या दिवशी काही सुचलंच नाही, नुसतं ऐकत राहिले.

रविवारी पहिली मिस्सा आटोपताच सर डबी घेऊन धावले. अंगणात माणसं जमली होती. रेमेतबाय पहाटेच गेली होती. भरलेली डबी तशीच परत आणली आणि तेव्हापासून सरांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"ती उपाशी गेली, फादर. माझ्यामुळे." सरांनी गळ्यातली डबी काढून टेबलावर ठेवली. "हे दुसऱ्या कुणाला तरी द्या."



फादरांनी डबी तशीच राहू दिली आणि सांगितलं, की रेमेतबायची सून आज सकाळीच येऊन गेली, सातव्या दिवसाच्या मिस्सेचं विचारायला. शुक्रवारी सासूने म्हणे आपण होऊन वाटीभर पेज मागितली आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली. शनिवारीही सगळा दिवस हसतमुख होती.

"झोपण्याआधी सुनेला काय म्हणाली, माहीत आहे?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणाली, आज चर्चमधून कुणीतरी आलं होतं गं."



"पण फादर... तीन वर्षं मीच तर जातोय."

"हो," फादर म्हणाले.

सरांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, त्याला खळ म्हणून नाही. आणि त्याच रडण्यात ते हसले. तीन दिवसांनी जीव भांड्यात पडला होता. बाई उपाशी गेली नव्हती. सरांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि कुणी सांगायच्या आत डबी उचलून पुन्हा गळ्यात अडकवली.

आता या कामाची नीट घडी बसवतो, म्हणाले. घरं दोन दिवसांत वाटून घेतो, म्हणजे प्रत्येकाला वीस मिनिटं देता येतील. पंचवीसही देता येतील.

"यादी आहे जवळ?" फादरांनी विचारलं.

होतीच. सरांनी घडी उलगडली.

"पहिलं नाव कुणाचं?"

सरांनी चष्मा लावला. मग काढला...

"तुमचं, फादर."

फादरांनी थरथरत्या हाताने चादर बाजूला केली. कसेबसे भिंतीकडे सरकले आणि पलंगावर एका माणसापुरती जागा केली.

"बस," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली, तुला एक सांगायचं राहून जातंय."