सतारकाराची सासू आणि पाण्याचं चाक

नदीकाठच्या एका गावात एक सतारकार राहत होता. ज्या दिवशी पाण्याच्या चाकाची बातमी त्याच्या ओसरीवर आली, तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. सकाळी त्याने ओसरी झाडली, सरसाचं भांडं निखाऱ्यावर ठेवलं आणि अर्धवट झालेल्या सतारीची दांडी मांडीवर घेतली. समोर त्याची सासू बसली होती. दांडीचं दुसरं टोक तिच्या मांडीवर होतं आणि खरवताच्या झाडाचं खरखरीत पान हातात घेऊन ती लाकूड घासत होती.

सतार करण्यात कौतुकाची कामं थोडी आणि कंटाळ्याची फार. त्यातही सगळ्यांत कंटाळवाणं काम घासण्याचं. लाखेचा हात देण्याआधी लाकूड तान्ह्या मुलाच्या गालासारखं मऊ व्हावं लागतं, आणि ते आपणहून होत नाही. पान झिजतं, बोट झिजतं, मग कुठे लाकूड जरासं झिजतं.

पूर्वी हे काम सतारकाराची बायको करायची. एका पावसाळ्यात ती तापाने गेली. दिवसकार्याला आलेले पाहुणे आपापल्या घरी परतले, आणि एके सकाळी तिची आई ओसरीसमोर येऊन उभी राहिली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहत असे.

"पोरीच्या हातची एक सतार अर्धी राहिलीय ना?" ती म्हणाली. "तेवढी घासून देते."

ती सतार पुरी झाली. दुसऱ्या दिवशी सासू पुन्हा आली. सतारकाराने काही विचारलं नाही, फक्त नवी दांडी पुढे केली. तेव्हापासून ती रोज येत होती.

येताना ती स्वतःच्या पाण्याचा तांब्या घेऊन यायची. त्या भागात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. लेकीला मूल झालं नाही. लेक गेली, रीत राहिली. सासू तांब्या ओसरीच्या कडेला ठेवायची, तहान लागली की त्यातलं पाणी प्यायची आणि ऊन डोक्यावर आलं की जेवायला आपल्या घरी जायची. कामाला आलेल्या बाईला कोण काय म्हणणार?

दोघांचं बोलणं फार नसे. सतारकार सासूला मामी म्हणायचा. "मामी, जरा डावीकडे." "जावईबापू, इथे अजून खरखरतंय." एवढंच. पण दोघांनाही त्याहून जास्त नको होतं, किंवा तसं त्यांना वाटत होतं.

तर त्या सकाळी शेजारी कुंपणापलीकडूनच ओरडला. तो तंबोरे करायचा आणि गावातली प्रत्येक बातमी आधी त्यालाच कळायची.

"अरे, ऐकलंस का? सुताराने नदीत चाक बसवलंय! पाण्यावर फिरतं. त्याला चामड्याचा पट्टा आणि पट्ट्यावर सरसाने चिकटवलेली वाळू. लाकूड नुसतं धरायचं. आठवड्याचं घासणं न्याहारीच्या आत!"

"थापा मारू नकोस," सतारकार म्हणाला.

"तुझ्या सासूबाईंची शपथ!"

"माझी कशाला?" सासू मान वर न करता म्हणाली. "तुमची स्वतःची आहे की धडधाकट."

दुपारी गावातले सगळे वाद्यं करणारे नदीवर जमले. चाक खरंच फिरत होतं, आणि त्याखालून निघालेलं लाकूड खरंच गुळगुळीत होतं. मग काय, जो तो आपापलं रडगाणं घेऊन सुताराच्या मागे लागला.

"भोपळ्याचं पोट आतून खरवडायला एक चाक कर बाबा. धुरळ्याने नाक गेलं माझं."

"त्याआधी तारेला झणकार आणायच्या जवारीचं बघ! तार चढवा, ऐका, उतरवा, तारांखालची घोडी घासा, पुन्हा चढवा, पुन्हा ऐका. खुंट्या पिळून मनगटं मोडली."

"माझ्या गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणून सांगायला एखादं चाक निघेल का?" शेजारी म्हणाला. सुतारालाही हसू आवरेना.

"एकेक करू," तो म्हणाला. "आज घासणं."

सतारकाराला सासूची बोटं आठवली. अंगठ्याला चिरा पडलेल्या होत्या आणि थंडीत त्यांतून रक्त यायचं. त्याने त्याच दिवशी दांडी चाकावर धरली. घरी येऊन ती सासूच्या हातात दिली आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, "मामी, आता उद्यापासून तुम्हाला यायला नको."

सासूने दांडीवरून तळहात फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"सुरेख झालंय," ती म्हणाली. "माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. बरं झालं, जावईबापू. बोटं दुखतच होती."

तिने तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणातल्या अळूला ओतलं आणि ती गेली.

आपण एका म्हाताऱ्या बाईचे कष्ट वाचवले, याचं सतारकाराला समाधान वाटलं. ते खोटं नव्हतं. काम भराभर होऊ लागलं. पण थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की आपण दांडी मांडीवर घेतो ती अजूनही एका बाजूला सरकवून घेतो, समोरच्यासाठी जागा ठेवून. एकदा तर तो "जरा डावीकडे" असं मोठ्याने म्हणाला. कुंपणावरचा बोका तेवढा त्याच्याकडे बघत राहिला.

"सासूबाई दिसत नाहीत हल्ली," शेजाऱ्याने विचारलं. "आजारी आहेत का?"

सतारकार हातातलं काम टाकून सासूच्या घरी गेला. आजारी ती नव्हती, पण जावयाला दारात बघून तिची जी धांदल उडाली, ती पाहून तोच घाबरला. पाट मांडला गेला. शेजारणीकडून तूप आलं, आणखी कुणाकडून रवा आला. शिरा होईपर्यंत सासू चुलीपुढे, आणि तो खाईपर्यंत दाराआड उभी.

"आणखी घ्या, जावईबापू."

"पुरे, मामी."

एवढंच बोलणं झालं. एक दांडी घासताना याहून जास्त व्हायचं. परत येताना सतारकार मनाशी म्हणाला, आपण रोज असे आलो तर ही बाई उधारीत बुडेल. जावई म्हणून तिच्या दारात बसता येत नाही, आणि कामावाचून ती माझ्या दारात येऊ शकत नाही. म्हणजे काम पाहिजे. पण काम तर चाकाने नेलं.

मग त्याने असं काही केलं, जे कुठल्या सतारकाराने कधी केलं नसेल. चाकावरून आणलेली गुळगुळीत दांडी त्याने घेतली, अंगणातला एक खडबडीत दगड उचलला आणि दांडी घासून घासून खराब केली. करताना त्याच्या अंगावर काटा आला. पण केली. मग शेजाऱ्याला म्हणाला, "सासूबाईंना निरोप दे. म्हणावं, चाक बिघडलंय. काम अडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू तांब्या घेऊन हजर झाली. नेहमीच्या जागी बसली, दांडी मांडीवर घेतली, खरवताचं पान काढलं. आणि तशीच थांबली.

"चाक बिघडलंय ना, जावईबापू?"

"हो, मामी."

"मग नदीवर घरघरतंय ते काय?"

सतारकाराच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाकाचा आवाज ओसरीपर्यंत स्वच्छ येत होता. त्याची मान खाली गेली.

सासूने दांडीवरून हात फिरवला. ओरखड्यात अडकलेला मातीचा एक कण तिने नखाने काढला आणि अंगणात पडलेल्या दगडाकडे पाहिलं.

"एवढ्या चांगल्या लाकडाचं असं का केलंत?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि खरं कसं बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याला दांडी मधे ठेवून बोलायची सवय होती.

"काम नाहीये, मामी," शेवटी तो म्हणाला. "उद्याही नाही. चाक छान चाललंय."

"मग बोलावलंत कशाला?"

"तुम्ही यावं म्हणून."

सासू हळूच म्हणाली, "कामाला आले, तर कामाला आले. नुसती आले, तर लेकीच्या घरी आल्यासारखं होईल. आणि तिथे पाणीसुद्धा..." पुढचं तिने सोडून दिलं.

सतारकार उठला. त्याला ठाऊक होतं, की आता ती उठून गेली तर पुन्हा येणार नाही. तो आत गेला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं, बाहेर येऊन पेला दोघांच्या मधे ठेवला.

"माझ्या तांब्यात आहे की पाणी," सासू म्हणाली.

"असू दे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सतारकाराची सासू जावयाघरचं पाणी प्यायली. दोन दिवस म्हणतील. मग पुन्हा चाकाबद्दल बोलायला लागतील."

सासूच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलं. तिने पेल्याकडे बराच वेळ पाहिलं. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची ठोकाठोक एकदम बंद झाली होती, म्हणजे तो ऐकत होता. सासूने पेला उचलला आणि ती घोटभर पाणी प्यायली. मग तोंड वाकडं केलं.

"शी! मचूळ आहे तुमच्या विहिरीचं पाणी!"

"आहेच."

"एवढी वर्षं पोरगी हे पीत होती? मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर काय केलं असतंत?"

"रोज एक घागर पाठवली असती माझ्याकडची!"

"म्हणूनच नसेल बोलली."

हे ऐकून सासू हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग तिने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"लहानपणापासून अशीच," ती म्हणाली. "पायात काटा मोडला तरी सांगायची नाही. नुसती लंगडायची."

"इथेही तसंच. एकदा बोटात कुसळ गेलं तर मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेही तारेवर रक्त दिसलं म्हणून."

"आणि चिडायची का हो?"

"चिडायची! सरस करपला की चिडायची. हा शेजारी सकाळी सकाळी आला की चिडायची."

"मी ऐकतोय हं!" कुंपणापलीकडून आवाज आला.

"ऐका," सासू म्हणाली. "तुमच्याबद्दल माझ्याकडेही तक्रार आली होती."

असं एकातून एक निघत गेलं. तिने मुलीचं लहानपण सांगितलं, त्याने तिचा संसार सांगितला. एकाला जे ठाऊक होतं ते दुसऱ्याला नवीन होतं. इतके दिवस हात चालू होते म्हणून तोंडं बंद होती, आता हात मोकळे होते. ओरखडे पडलेली दांडी बाजूला सारत सासू म्हणाली, "ही मी घासणार नाही बरं का. माझी बोटं दुखतात. चाकावर न्या." ऊन डोक्यावर आलं, उतरलं, ओसरीवरून निघून गेलं.

त्या दिवशी एका सतारीवर तारा चढवायच्या होत्या. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. त्या तारा चढवायच्या राहून गेल्या.

या गोष्टीचं तात्पर्य असं: कंटाळवाणं काम खुशाल चाकाला द्यावं. पण त्या कामाच्या निमित्ताने जे माणूस रोज आपल्या दारात येत होतं, त्याला निमित्तावाचून 'या' म्हणण्याचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.