तांबूचे गुडघे

गुरांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. तांबू गाय कळप सोडून पळते, म्हणून मालकानं तिच्या गळ्यात दोरीनं लाकडाचं लोढणं बांधलं. ती पळू लागली की ते गुडघ्यांवर आदळायचं. देवाला सोडलेला वळू मात्र वाटेल त्या शेतात चरायचा. त्याची मोकळी मान पाहून तांबूचा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा तिला लंगडताना पाहून वळू म्हणाला, "अगं, लोढण्याचं काय घेऊन बसलीस? स्वातंत्र्य मनात असतं. मन मोकळं ठेव!"

तांबूनं त्याच्या धडधाकट गुडघ्यांकडे पाहिलं.

"मन मोकळंच आहे, दादा. नसतं तर माझे गुडघे कशाला फुटले असते? तुला दात आहेत ना? मग ही दोरी तेवढी तोड."

वळूला एकाएकी पलीकडच्या शेतातली ज्वारी आठवली.